विनूच्या केसबद्दल

नाशिक, १४ जानेवारी २०२६

प्रिय संजू,

तुझा मेसेज वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर तू पुन्हा पुन्हा "ओळखीनं काही होईल का रे?" हेच विचारशील, म्हणून लिहितोय. होणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा चौकात पावती फाडून मिटत नाही, तो कोर्टातच जातो. "साहेबांशी बोलून मिटवतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.

दुसरं म्हणजे विनूची घाई. "कबूल करतो, दहा हजार भरतो, सुटतो," असं तो म्हणतोय ना? कोर्टाच्या पॅसेजमध्ये निम्मे लोक हेच बोलतात. पण पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि दंडावर सुटला तरी दोषी म्हणून नोंद राहते. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, नाहीतर दोन्ही. शिवाय लायसन्स निलंबित होतं. एमआरची, औषध कंपनीच्या प्रतिनिधीची नोकरी गाडीशिवाय कशी करणार तो? म्हणून आधी कागद बघू, कबुलीचं नंतर ठरवू.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. विनूचा आकडा ४१ म्हणतोस, म्हणजे फुंकायच्या मशीनची स्लिप नीट वाचायलाच हवी. वेळ, नाव, आकडा तर बघूच, पण त्याआधी मशीनची कोरी चाचणी (कुणी फुंकण्याआधीची) शून्य दाखवत होती का, तेही बघू. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तेवढ्यावरून एकाचा १८५चा आरोप रद्द केलाय. नुसता तोंडाला वास, विस्फारलेल्या बाहुल्या, झोकांड्या एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयानं १९७१मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगून ठेवलंय.

त्याला रीतसर अटक केली होती की नुसतं चौकीत बसवून ठेवलं होतं, हे त्याला नीट विचार. अटक असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. (सोडलं म्हणजे केस संपली, असं मात्र नाही.) गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. वकिलाला भेटू देणं आणि घरच्यांना कळवणं हेही आलंच. अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यायची, हे तर वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातल्या आरोपीच्या अपिलावर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच केलंय. त्या अपघातात एका बाईचा जीव गेला होता. तरी हक्क आरोपीलाही आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं.

"फुंकायलाच नको होतं," असं त्याच्या मित्रांनी त्याला सांगितलंय म्हणे. मूर्ख आहेत. नकार दिला आणि प्यायल्याचा रास्त संशय असला की विनावॉरंट अटक करता येते, आणि सबळ कारण नसेल तर कोर्ट तो नकार सरकारी पुराव्याला पूरक धरू शकतं. रक्ताचा नमुना द्यायला नकार दिला तर तोही असाच पूरक धरता येतो. नमुना घेतला असेल तर कुणी, किती वाजता, सील कुणासमोर केलं, हे सगळं कागदावर हवं. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात नमुनाच बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली, तेव्हापासून या नोंदींकडे मी दुप्पट लक्ष देतो.

कागद चोख निघाले, तर मी विनूला खोटं लढायला सांगणार नाही. मग कबूल करायचं आणि कमीत कमी शिक्षेसाठी विनंती करायची. तो प्यायला होता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. फुकट आशा लावायला मी बसलेलो नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याला घेऊन ये. स्लिप, लायसन्स जप्त केल्याची पावती, समन्स असं जे असेल ते आण. तोवर त्यानं कशावरही सही करू नये. काकूंना एवढ्यात काही सांगू नकोस, त्यांचं बीपी तुला माहीत आहे.

तुझा,
नंदू

ता. क. गाडी चौकीतच असेल तर आर.सी. आणि इन्शुरन्सची प्रतही आण.