मलय पात्यांची ओळख मुळाशी पाहून ठरवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मलय द्वीपकल्प व सुमात्रा येथील पारंपरिक शस्त्रांवर आलेला लेख वाचनीय होता. छायाचित्रांखालील नावांबाबत मात्र लिहिणे भाग आहे. नागमोडी पात्याच्या प्रत्येक शस्त्राला तेथे ‘केरिस’ (दुधारी कट्यार) आणि सरळ पात्याच्या प्रत्येकाला ‘बादिक’ (आखूड, एकधारी सुरी) म्हटले आहे. वस्तुतः केरिसची कितीतरी पाती सरळच असतात आणि नागमोडी पाते दिसले म्हणून ती केरिसच, असेही नव्हे.

केरिस ओळखायची तर नजर पात्याच्या मुळाशी, म्हणजे मुठीलगतच्या भागाकडे न्यावी. दुधारी पाते तेथे एका बाजूस अधिक रुंदावते आणि त्याच्या तळाशी ‘गंजा’ ही आडवी पट्टी बहुधा वेगळी घडवून बसवलेली असते. नीट पाहिल्यास जोडाची बारीक रेघ दिसते. वळणे असलीच तर त्यांची संख्या विषम असते. लोखंड व निकेलयुक्त धातूच्या थरांतून उमटणारी ‘पामोर’ नावाची नक्षीही निर्णायक मानू नये, कारण ती बादिकच्या पात्यावरही आढळते.

सर्वांत मोठी गल्लत ‘सुंदांग’बाबत होते. दक्षिण फिलिपिन्समधील सुलू व मिंदानाओ बेटांशी विशेष नाते असलेले हे शस्त्र आकाराने मोठे असते, त्याचे पाते बऱ्याचदा नागमोडी असते आणि मुळाशी ते केरिससारखेच रुंदावते. म्हणून मुळाचा आकार पाहूनही जाणकारांची फसगत होऊ शकते. परंतु केरिस मुख्यतः भोसकण्यासाठी घडवली जाई, तर सुंदांग घाव घालण्यासाठी. त्यामुळे केरिसचा मुठीत जाणारा दांडा बारीक व गोल असतो, सुंदांगचा कोनदार. शिवाय घाव बसताना पाते मुठीत फिरू नये म्हणून ते धातूच्या पट्ट्यांनी मुठीशी जखडलेले असते. माझ्या मते एवढी एक खूण पाहिली तरी पुरे.

बादिक आणि ‘तुम्बुक लादा’ ही दोन्ही आखूड व एकधारी. तुम्बुक लादाचे पाते किंचित वाकलेले असते आणि पाठीलगत बहुधा पन्हळ असते. तिच्या म्यानाच्या तोंडाशी गोलसर फुगवटा असतो, पण केवळ म्यानावर विसंबू नये. म्यान व मूठ पिढ्यान्‌पिढ्या बदलली जातात, पाते तेच राहते. उत्तर सुमात्रातील आचेह प्रांताच्या ‘रेंचोंग’ या कट्यारीची काटकोनात वळलेली मूठ तर सहज ओळखू येते.

युनेस्कोने २००५ साली ज्या इंडोनेशियन केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तिचे नाव सरसकट कोणत्याही पात्याला देणे ती घडवणाऱ्या कारागिरांवर अन्यायाचे आहे. यापुढे अशा लेखासोबत म्यानातील शस्त्राऐवजी उघड्या पात्याचे, मुळाचा भाग स्पष्ट दिसेल असे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक