४२ गाण्यांच्या यादीबद्दल तक्रार

शहापूर, बेळगाव
दि. १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
साउंड, लाईट व डीजे सेवा,
बेळगाव

विषय: ३० नोव्हेंबरच्या रिसेप्शनला ठरलेली गाणी न वाजवल्याबद्दल, तसंच बिलातल्या 'म्युझिक लायसन्स'च्या ₹६,००० बद्दल.

महोदय,

३० नोव्हेंबरला, रविवारी, खानापूर रोडवरच्या लॉनवर जिचं रिसेप्शन झालं त्या वधूचा मी मामा. साउंडचं बुकिंग मीच केलं होतं आणि ॲडव्हान्सही मीच दिला होता, त्यामुळे पत्रही मीच लिहितोय. बहीण आणि भाऊजी अजून पाहुण्यांच्या पाठवणीतून मोकळे झालेले नाहीत. आमचे बैलहोंगलचे व्याही तर मोठ्या मनाचे. त्या रात्रीच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "होगली बिडरी, मामा" म्हटलं, म्हणजे 'जाऊ द्या हो, मामा'. ते सोडून देणारे आहेत. मी नाही.

आधी हिशेब. तुमच्या बिलाप्रमाणे चार टॉप, चार बेस, जनरेटर आणि डीजे मिळून ₹२६,०००. लाईटचे ₹९,५००. माझ्या आईच्या आवाजातल्या गाण्याला ढोलकीची साथ जोडून देण्याचे ₹२,५००. म्युझिक लायसन्सचे ₹६,०००. एकूण ₹४४,०००. पैकी ₹१५,००० ॲडव्हान्स, आणि उरलेले ₹२९,००० तुमच्या माणसांनी टेम्पोत सामान चढवायच्या आधी माझ्याकडून मोजून घेतले. एवढी एकच गोष्ट त्या रात्री वेळेवर झाली.

साउंड संध्याकाळी ७ ला सुरू व्हायचा होता. टेम्पो आला ७.४० ला, आणि पहिला आवाज निघाला ८.३५ ला. लॉन उघड्यावर आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम तुमच्या धंद्यात पोराटोरालाही पाठ असतो. म्हणजे आमचे तीन तास होते त्याचा दीडही उरला नाही. त्यावर तुमचे सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काळजी करू नका, साडेअकरापर्यंत ओढू, मॅनेज करतो." मी नको म्हणालो. लॉनच्या मागं घरं आहेत, त्यात परीक्षेची पोरं असतील, म्हातारी माणसं असतील. तुमच्या उशिराची शिक्षा त्यांना कशाला? १० ला बंद करायला मीच सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ८.३५ ते १० मध्ये जे वाजलं त्याची.

तुमच्या ऑफिसात बुकिंगच्या वेळी तुम्ही म्हणालात, "गाणी तुमच्या पसंतीची. यादी द्या, पेनड्राइव्ह द्या, बाकी आमच्यावर सोडा." पावतीवरही 'कस्टमर चॉइस प्लेलिस्ट' असं लिहिलंय. हे तुम्ही सहज लिहिलं असेल. आम्ही मात्र ते खरं धरलं आणि पंधरा दिवस त्यावर बसलो. भाची पुण्यात नोकरीला. रोज रात्री जेवणं झाली की ती व्हिडिओ कॉलवर, मी इथं शहापुरात वही घेऊन, आणि तिचे दीर बैलहोंगलहून कन्नडमध्ये मेसेज टाकतायत. लग्नाच्या साड्यांनासुद्धा एवढा वेळ गेला नाही.

वेळ का गेला तेही सांगतो. आमची माणसं मराठी. व्याह्यांची कन्नड. भाऊजींच्या मावशीकडचे लोक चोर्ला घाट चढून गोव्याहून येणारे, ते कोंकणी. सीमाभागातल्या लग्नात हे नवीन नाही. पण डान्सचा फ्लोअर असतो तिथं काय होतं, हे तुम्ही आमच्याहून जास्त वेळा पाहिलं असेल. मराठी गाणं लागलं की एक बाजू उठते आणि दुसरी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते. कन्नड लागलं की उलट. शेवटी सगळे हिंदीवर येतात, तेही अर्धेच. आम्हाला ते नको होतं.

एकदा काय झालं, दिरांनी पाठवलेलं एक जानपद गाणं, म्हणजे कन्नड लोकगीत, आम्हाला फार आवडलं. ठेका असा की बसलेला माणूस उठावा. यादीत टाकलं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा स्वतःचा फोन. आधी नुसते हसत राहिले, मग म्हणाले, "मामा, त्या गाण्याचा अर्थ कळला काय तुम्हाला? सासऱ्यापुढं वाजवायचं नाही ते." काढलं. मग मीही प्रामाणिकपणे आमच्याकडची एक लावणी काढली, कारण तिचा अर्थ आम्हाला चांगलाच ठाऊक होता. असं करत करत ४२ गाणी उरली. प्रत्येकाचे शब्द कुणीतरी तपासलेले.

मग क्रम. मी वडगावच्या एका भजनी मंडळात बावीस वर्षं ढोलकी वाजवली, त्यामुळे ते काम माझ्याकडं आलं. पाहुणे येत असताना आणि जेवत असताना सनई, आवाज बेताचा. मग आमच्याकडच्या हलगीच्या चालीची गाणी, आठ मात्रांची, सरळ. त्यांच्याच अंगाची तीन जानपद गाणी लगेच मागं, म्हणजे पाय न थांबता भाषा बदलते. त्यानंतर मधोमध ते एक गाणं, ज्याच्यावर आमची सगळी भिस्त होती. 'सैराट' मराठीत २०१६ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याचाच कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला. संगीत दोन्हीकडं अजय-अतुल यांचंच, त्यामुळे 'झिंगाट'ची तीच चाल कन्नड शब्दांतही आहे. आमचं ठरलं होतं की एक कडवं मराठी लावायचं, पुढचं कन्नड. चाल सगळ्यांना पाठ, शब्द ज्याचे त्याला. गोव्याच्या पाहुण्यांनाही चाललं असतं. भाचीनं ते लॅपटॉपवर स्वतः कापून जोडलं होतं, तुम्हाला फक्त बटण दाबायचं होतं. फाइलचं नावसुद्धा '२१ - दोघांचं' असं दिलं होतं.

आणि २२ वं गाणं माझ्या आईचं. तिचं वय ८१. झिम्म्याचं गाणं, तिनं तिच्या आईकडून घेतलेलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तेव्हा दोनदा खोकली, ते तसंच राहू द्या असं भाचीनं सांगितलं होतं. ते सहा मात्रांत, दादऱ्याच्या अंगानं जातं. आठ मात्रांच्या धडाक्यातून एकदम सहावर उतरलं तर नाचणारा अडखळतो, म्हणून मध्ये अर्धा मिनिट सनईचा तुकडा ठेवला होता. हे सगळं कागदावर दोन लिपींत टाईप करून, पेनड्राइव्हला लाल दोरा बांधून, २४ नोव्हेंबरला तुमच्या टेबलावर दिलं. तुम्ही ते ड्रॉवरमध्ये ठेवलेलं मी पाहिलं.

आता ३० तारखेला काय झालं ते. नवरा-नवरीच्या प्रवेशाला तुमच्या कन्सोलवरून जी तयार घोषणा वाजली, तिच्यात दुसऱ्याच कुठल्यातरी जोडप्याची नावं होती. दोन्ही नावं चुकीची! स्टेजकडं निघालेली भाची थांबून मागं बघायला लागली, आपल्या मागून कोण येतंय म्हणून. लोक हसले, आम्हीही हसलो. लग्नात एवढं चालतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. विसर्जन मिरवणुकीत वाजतो तो ट्रान्स. भोंगा, सायरन, मध्येच पोलिसांच्या गाडीचा आवाज. दोन गाण्यांच्या मध्ये ठेका जुळवायचं जमत नसलं की सायरन टाकायचा, ही तुमची पद्धत माझ्या लक्षात आली. एकच गाणं तीन वेळा लागलं. जवळजवळ प्रत्येक रिमिक्समध्ये कुठल्यातरी गावच्या कुठल्यातरी डीजेचं नाव ओरडून सांगितलं जातं, ते मी नंतर घरच्या व्हिडिओवर मोजलं, १७ वेळा. नवरीचं बरोबर नाव एकदाही नाही. बेस एवढा की पहिल्या ओळीतल्या टेबलांवरच्या पाण्याच्या बाटल्या सरकत होत्या. माझी आई कन्सोलपाशी गेली आणि मुलाला म्हणाली, "काय लावलास रे बाळा, काळीज हलूलालंय." त्यानं कानावरचा हेडफोन काढला नाही. ती ९ ला घरी गेली.

मी यादीची प्रत घेऊन त्याच्याकडं गेलो. त्या पोराबद्दल माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. विशीचाही नसेल. म्हणाला, "अंकल, मला पेनड्राइव्ह कुणी दिलाच नाही. सकाळपासून हा तिसरा कार्यक्रम आहे. माझ्याकडं आहे ते वाजवतोय." डोळे लाल झाले होते. एका दिवसात तीन ठिकाणी एकच पोरगा पाठवायचा हा तुमचा निर्णय, त्याचा नव्हे. यादी मात्र तुमच्या ड्रॉवरमध्येच राहिली.

फ्लोअरवर शेवटपर्यंत आठ-दहा तरुण पोरं नाचली. बैलहोंगलच्या बायका खुर्च्या मागं सरकवून सरकवून शेवटी जेवणाच्या मांडवात जाऊन बसल्या. गोव्याचे पाहुणे रात्री घाट उतरायचा म्हणून लवकर निघाले. २१ नंबरचं गाणं लागलं नाही, २२ नंबरचंही नाही.

२ डिसेंबरला मी फोन केला तेव्हा तुमच्या ऑफिसातून उत्तर मिळालं की "मिक्समध्ये सगळं कव्हर होतं, लोकांना आवाज पाहिजे असतो, गाणं कोण ऐकतंय?" साहेब, कुमार गंधर्व १९२४ साली ज्या सुळेभावीत जन्मले ती याच जिल्ह्यात आहे. इथल्या माणसांना कान नाहीत असं धरून धंदा करू नका. त्याच फोनवर पुढच्या फंक्शनला १० टक्के सूट देतो असंही सांगण्यात आलं. पुढचं फंक्शन कुठलं धरू? मला भाची एकच, आणि तिचं लग्न झालं.

आता लायसन्सचे ₹६,०००. मी विचारलं तेव्हा "गाणी वाजवायला कंपन्यांना भरावे लागतात" असं सांगितलं गेलं. घरी येऊन मी वाचलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५२. धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही, आणि त्या समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रमही येतात, असं त्यात स्पष्टीकरण आहे. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागानं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच सांगितलं होतं. तरीही तुम्ही कुणाला पैसे भरले असतील तर त्यांची पावती दाखवा, माझी काही हरकत नाही. पावती नसेल तर ते पैसे कशाचे? आणि दर पाच मिनिटांनी दुसऱ्या डीजेचं नाव ओरडणारी ती फुकट उतरवलेली रिमिक्सं वाजवून लायसन्सचे पैसे मागायचे, याला काय म्हणायचं ते मी पत्रात लिहीत नाही.

माझी मागणी अशी. लायसन्सचे ₹६,००० पूर्ण परत करा किंवा पावती दाखवा. आईच्या गाण्याचे ₹२,५०० परत करा, कारण ते वाजलंच नाही. साउंड व डीजेच्या ₹२६,००० पैकी निम्मे, म्हणजे ₹१३,००० परत करा. निम्माच मागतोय, कारण साउंड आला होता आणि काही पोरं नाचली हे मी नाकारत नाही. लाईट नीट होत्या, त्यांचे पैसे तुमचे. एकूण ₹२१,५००. हे पत्र पोचल्यापासून १५ दिवसांत द्या. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि मी दुकान मुलाकडं सोपवलंय, वेळ भरपूर आहे. बिल, पावती, यादीची प्रत आणि व्हिडिओ माझ्याकडं जपून ठेवलंय.

शेवटची मागणी पैशांची नाही, आणि ती आधी पुरी करा. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह परत पाठवा. आईच्या गाण्याला ढोलकी जोडून जी फाइल केली असेल ती त्यात टाका. केलीच नसेल तर आज करा, ठेका चुकत असेल तर मला बोलवा, मी ढोलकी घेऊन येतो. कारण त्या रात्री मी घरी पोचलो तेव्हा आई जागीच होती. तिनं विचारलं, "मी आल्यावर लागलं काय रे माझं गाणं?" मी हो म्हणालो. सगळ्या बायका नाचल्या, तुझ्या विहीणबाईसुद्धा नाचल्या, असंही म्हणालो. आता ती रोज सकाळी चहाच्या वेळी मोबाईलवर ते लाव म्हणते. मी पाच-सहा दिवस चार्जिंग नाही, नेट नाही, असं सांगत काढलेत.

पैशांना १५ दिवस घ्या. फाइल सोमवारपर्यंत द्या.

आपला,
वधूचा मामा
शहापूर, बेळगाव

सोबत: बिलाची व पावतीची प्रत, ४२ गाण्यांची यादी (मराठी व कन्नड).