रिव्हॉल्व्हर चकचकीत करून घेण्याआधी

संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात अमेरिकेतल्या एका मराठी वाचकाचं पत्र होतं. सासऱ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर ‘खोक्यात घालून कुरिअरने कारागिराकडे पाठवलं आणि महिन्याभरात नवंकोरं होऊन आलं’, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांच्या आनंदावर विरजण घालायची इच्छा नाही. पण ते वाचून इथे अमेरिकेतलं दुसरं कुणी तसंच करायला गेलं, तर कायद्याच्या कचाट्यात तरी सापडेल किंवा माझ्यासारखं हळहळत तरी बसेल.

मी कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला फिटर. इथे माझ्या शेजारच्या बेंचवर एक वयस्कर गृहस्थ होते. ग्राइंडिंगचं खरं कसब मी त्यांच्याकडून शिकलो. जाताना त्यांनी आपलं 1950च्या दशकातलं रिव्हॉल्व्हर माझ्या नावे ठेवलं. काळसर निळ्या रंगाचं, नळीवर बारीक ठसठशीत अक्षरं कोरलेली, घोडा आणि चाप यांवर तेलाच्या तवंगासारखे रंग. वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात राहिल्यामुळे उजव्या अंगाला गंजाचे टिपके पडले होते. चामडं ओलावा धरतं, कमावताना वापरलेले क्षारही त्यात उरलेले असतात, म्हणून हत्यार म्यानात ठेवून देऊ नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. टिपके बघून जीव कासावीस व्हायचा. एका कारागिराला विचारलं. तो म्हणाला, आरशासारखं करून देतो. मी हो म्हटलं. दुसरा एकही प्रश्न विचारला नाही.

परत आलं तेव्हा खरंच आरशासारखं होतं. भिंग घेऊन बसलो आणि घशाशी हुंदका आला. नळीवरची अक्षरं बफच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या कापडी चाकाच्या, फिरण्याच्या दिशेने ओढली गेली होती, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तशी. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. बाजूच्या झाकणपट्टीचा सांधा मूळचा केसाएवढाही दिसत नसे. पट्टी काढून वेगळी घासल्यामुळे तिच्या कडा गोल झाल्या आणि सांधा स्पष्ट रेघ होऊन उमटला. घोड्यावरचे रंग तर पार गेले. ते रंग म्हणजे वरून दिलेला मुलामा नव्हे, पोलाद कोळशात तापवून कडक करताना त्याच्या पृष्ठभागावर येतात. बफ लावला की संपले.

हत्याराच्या त्या काळसर निळ्या थराला ब्लूइंग म्हणतात; तो पोलादाला दिलेला रंग, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो ताब्यात ठेवलेला गंजच आहे. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांचं दाट द्रावण टाकीत सुमारे 140 अंश सेल्सियसला उकळत ठेवून त्यात भाग बुडवतात. पृष्ठभागावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, अतिशय पातळ थर धरतो. हा थर खालचं काहीही झाकत नाही. ओरखडा असेल तर काळा ओरखडा दिसतो, खड्डा असेल तर काळा खड्डा. तेव्हा जुन्या हत्याराचं रूप टाकीत ठरत नाही, टाकीच्या आधीच्या घसाईत ठरतं. आणि गंजाचा खड्डा घासून घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत सगळीकडचं धातू उतरवायचं. खड्डा खोल तेवढी अक्षरं उथळ. हे गणित एखाद्या शिकाऊ पोरालाही कळेल, आणि मी, आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस, ते विसरलो.

चांगला कारागीर सपाट भागावर कापडाचा बफ लावत नाही. सपाट ठोकळ्याला एमरी पेपर गुंडाळून हाताने घासतो, 220, 320, 400 नंबरचे कागद घेत बारीक होत जातो, झाकणपट्टी जागेवर बसवून घासतो, अक्षरांशी आला की थांबतो. वेळ लागतो, म्हणून पैसेही जास्त पडतात. माझ्या मते ते द्यावेत, नाहीतर खड्डे तसेच राहू द्यावेत.

क्रमांकाची गोष्ट आणखी गंभीर आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने अनुक्रमांक काढून टाकलेलं, खोडलेलं किंवा बदललेलं शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे. भारतातही शस्त्र कायदा 1959 मधल्या कलम 8 प्रमाणे शस्त्रावरची ओळखखूण पुसता किंवा बदलता येत नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक मुठीच्या तळाशी होता म्हणून बचावला. तो नळीजवळ असता तर काय झालं असतं, या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नव्हती.

आता पाठवण्याविषयी. टपालाने पिस्तूल-रिव्हॉल्व्हर पाठवण्यावर अमेरिकी काँग्रेसने 1927 सालीच बंदी घातली. खासगी वाहतूक कंपन्यांच्या अटी कडक होत गेल्या असून मोठ्या कंपन्या परवानाधारकांकडूनच, म्हणजे शस्त्रांचा व्यवसाय करायचा सरकारी परवाना असलेल्यांकडूनच, असा माल स्वीकारतात. त्यामुळे आपण खोकं घेऊन काउंटरवर उभं राहायचं नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे जायचं, तो आपल्या वहीत शस्त्राची नोंद करतो आणि त्याच्या परवान्यावर ते परवानाधारक कारागिराकडे रवाना होतं. 1968च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये दुरुस्त झालेलं शस्त्र ज्याच्याकडून आलं त्यालाच परत पाठवण्याची मुभा आहे, ते दुसऱ्या राज्यातून आलं असलं तरी. मात्र राज्यांचे स्वतंत्र नियम त्याहून कडक असू शकतात, म्हणून विक्रेत्याला आधी विचारावं. खोक्यावर ‘शस्त्र’ अशी चिठ्ठी लावा असं वाहतूकदाराने सांगितलं, तर तशी सक्ती कायद्यानेच मना आहे. चोराला आमंत्रण कशाला?

दुसऱ्या खेपेला, माझ्या स्वतःच्या पिस्तुलाच्या वेळी, मी घाई केली नाही. त्याची चौकट ॲल्युमिनियमची होती. कॉस्टिकच्या टाकीत ॲल्युमिनियम विरघळतं, म्हणून चौकटीला ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने धरवलेला ऑक्साइडचा थर) आणि स्लाइडलाच, म्हणजे वरच्या सरकत्या पोलादी भागालाच, ब्लूइंग, हे कारागिराने मी विचारण्याआधी सांगितलं. तिथेच माझा विश्वास बसला. निकेल किंवा हार्ड क्रोमचा मुलामा का नको, हेही त्याने समजावलं. मुलाम्याने जाडी वाढते, घट्ट बसणारे भाग अडतात, आणि प्लेटिंगच्या टाकीत स्प्रिंगच्या पोलादात हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकते. फवारून भट्टीत पक्की करायची सिरॅमिक कोटिंगं गंजाला उत्तम तोंड देतात, पण त्यासाठी पृष्ठभाग आधी वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने खरखरीत करावा लागतो. रोजच्या वापरातल्या पिस्तुलाला चालेल. कुणाची आठवण असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला मी तो मारा कधीच करू देणार नाही.

पाठवण्याआधी मी पिस्तूल रिकामं केलं, मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी पाहिलं, बोट घालून चाचपलं, मग पत्नीला दाखवलं. काडतुसं त्या खोलीतच ठेवली नाहीत. लाकडी मूठपट्ट्या उतरवून घरी ठेवल्या, कारण टाकीत त्यांचं काही काम नसतं आणि वर्कशॉपमध्ये त्या हरवतात. प्रत्येक खुणेचा आणि क्रमांकाचा तिरप्या उजेडात फोटो काढला. एका कागदावर लिहिलं: अक्षरांना हात लावायचा नाही, खड्डे राहिले तरी चालतील, कडा गोल करायच्या नाहीत, चकाकी नको. एक प्रत आत ठेवली, एक विक्रेत्याच्या सहीसह माझ्याकडे. पिस्तूल गंजरोधक कागदात गुंडाळून टणक पेटीत, ती पेटी साध्या खोक्यात. विक्रेत्याने विमा उतरवला, घेणाऱ्याची सही लागेल असं बघितलं. अकरा आठवडे लागले. परत आलेल्या स्लाइडवर पूर्वीचे दोन खड्डे तसेच होते, आणि प्रत्येक अक्षराची कड नखाला लागत होती.

शेजारच्या बेंचवरच्या त्या वयस्कर मित्राचं रिव्हॉल्व्हर मात्र आता कुणीच पूर्ववत करू शकत नाही. वेल्डिंगने भरून अक्षरं नव्याने कोरणारे आहेत, पण ती त्यांनी पाहिलेली अक्षरं नसतील. मी ते कुलपात ठेवतो आणि दर महिन्याला तेल लावतो.

त्या पत्रलेखकांना विनंती, की आपल्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक एकदा भिंगाखाली पाहावा आणि तो कागदपत्रांशी अक्षरशः जुळतो का ते तपासावं. आणि संपादक महोदय, कुरिअरच्या त्या वाक्याची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी त्याच जागी छापावी.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर, अमेरिका