यजमानांच्या घरी काय न्यावं

सावंतवाडी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

जपानात ओकायामाला तू ज्यांच्या घरी राहणार आहेस, त्या घराची माहिती तू पाठवलीस, ती बाबांनी आणि मी दोघांनीही वाचली. आई, वडील, आजी आणि सहावीतला मुलगा. आजी त्याच घरात राहतात हे वाचून मला फार बरं वाटलं. घरात म्हातारं माणूस असलं की परक्या मुलीला आधार वाटतो.

तू विचारलं आहेस, त्यांच्या आजींसाठी पैठणी नेऊ का. नको नेऊस. पैठणी तिकडे कोणी वापरणार नाही हे तर आहेच, पण खरी अडचण तिच्या किमतीची. तुझी आत्या कोबेला राहून आली, तिच्याशी काल मी तासभर बोलले. ती म्हणाली, मोठ्या प्रसंगी भेट आली की साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत द्यायची तिथे रीत आहे. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढून बघतात, तसंच हे. मग महागडी वस्तू हातात पडली की ती माणसं आनंदाऐवजी विचारात पडणार, की या मुलीला आता आपण काय द्यायचं? ज्यांनी तुला घरात ठेवून घ्यायचं कबूल केलंय, त्यांच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी ओझं ठेवायचं नाही. दोन-तीन हजार येनांची वस्तू तिथे शोभते असं आत्या म्हणते. तेवढ्यातच सगळं बसव.

खाऊबद्दल आधी सांगते, कारण तुझ्या आजीचा तो आग्रह आहे. घरचे लाडू, फणसपोळी, आंबे, सगळ्याची यादी तिने केली आहे. आंबे तर नेताच येणार नाहीत. ताजी फळं-भाज्या सरकारी तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानात उतरू देत नाहीत, आणि मांसाचे पदार्थही नाहीत. 2006 साली जपानने आपल्या आंब्यावरची बंदी उठवली खरी, पण ती गरम वाफेची प्रक्रिया करून, तपासून निघालेल्या व्यापारी मालासाठी. तुझ्या पेटीतल्या हापूसला ती लागू नाही. विमानतळावर भरायच्या फॉर्मवर जे असेल ते खरं लिही.

लाडू इथेच राहू देत. त्यांची मिठाई आपल्यापेक्षा पुष्कळ कमी गोड असते आणि वेलची-तुपाचा वास सगळ्यांना झेपेलच असं नाही. मी वेंगुर्ल्याचे भाजलेले काजू घेऊन ठेवते, छोटी छोटी बंद पाकिटं एका खोक्यात. पाकिटं वेगवेगळी असली की त्या आई शेजारी दोन देतील, मुलगा शाळेत नेईल. खोकं मात्र वाटेत फोडू नकोस. त्यांच्या घरात पूर्वजांचा देव्हारा असला तर आलेली मिठाई बहुतेक आधी तिथे ठेवतील आणि मग खातील. आपण नैवेद्य दाखवल्याशिवाय पानावर बसत नाही, तेव्हा हे तुला वेगळं समजावून सांगायला नको. आणि अगरबत्ती मुळीच नेऊ नकोस, कितीही चांगली असली तरी. उदबत्तीचं खोकं तिकडे दुखवट्याला देतात.

आता मुख्य वस्तू. घरात माणसं चार आहेत म्हणून एकसारख्या चार वस्तू न्यायच्या, असं करू नकोस. चारचा उच्चार त्यांच्या भाषेत मरणासारखा होतो आणि नऊचा हालअपेष्टांसारखा, म्हणून भेटीत ते आकडे टाळतात. आपण नाही का अकरा, एकवीस, एकशे एक करतो? घराला मिळून एक चांगली वस्तू ने आणि मुलाला वेगळं काहीतरी.

मला मनापासून वाटतं, ती वस्तू गंजिफाची, म्हणजे आपल्या इथल्या जुन्या गोल पत्त्यांची, असावी. तू लहानपणापासून राजवाड्यात बघितलेली, म्हणून तुला तिचं विशेष वाटत नसेल. पण विचार कर. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने कडक करून त्यांवर हाताने रंगवलेली ही गोल पानं, आणि जपानातही फुलापानांच्या चित्रांचा स्वतःचा पत्त्यांचा खेळ आहे. हानाफुदा त्याचं नाव. बारा महिन्यांची बारा झाडं-फुलं, प्रत्येकाची चार पानं, मिळून 48. जानेवारीला पाइनचं झाड, मार्चला चेरी. मुलं ज्याच्या व्हिडिओ गेममागे वेडी असतात ती निन्तेन्दो कंपनी 1889 मध्ये क्योतोला निघाली ती हेच पत्ते बनवायला. त्या आजींनी हानाफुदा हातात धरले असणारच. आपल्या दशावतारी गंजिफात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दशावतारांत बुद्धही येतो, तेव्हा तिथून बोलणं सुरू करायला तुला सोपं जाईल.

अख्खा संच नको, तो महाग पडतो आणि पुन्हा परतफेडीचा प्रश्न येतो. एकच पान, लहानशा लाकडी चौकटीत. काल चितारआळीत जाऊन मी बघून आले. कूर्माच्या पंजाचं पान आहे, तांबड्या जमिनीवर पाच कासवं, प्रत्येकाच्या पाठीवरची खवली सुताएवढ्या रेघांनी काढलेली. एका कासवाची मान किंचित बाजूला वळली आहे. हाताने काढलेलं आहे ते तिथेच कळतं. जपानात कासव दीर्घायुष्याचं मानतात, करकोच्याच्या जोडीने ते शुभकार्यात असतंच. घरात आजी आहेत, म्हणजे याहून चांगलं पान कुठलं मिळणार! आकाराने हाताच्या पंजाएवढं, त्यामुळे त्यांच्या घरात जागेचीही अडचण नाही. देवांच्या मूर्ती मात्र देऊ नकोस. मूर्ती घरात आली की तिचं काय करायचं हे न समजून लोक अवघडतात.

मुलासाठी लाखकामाचा भोवरा आणि जाळी, म्हणजे त्याची दोरी. त्यांच्याकडेही भोवरे फिरवतात, पण जाळी गुंडाळून फेकायची आपली तऱ्हा तू त्याला शिकव. जाण्याआधी अंगणात हात बसवून घे.

आणखी एक गोष्ट सुचली आहे आणि ती मला या सगळ्यांत जास्त आवडते. पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. ती मूळ बाग त्यांच्या सरदाराने 1700 साली पुरी केली, आणि तू जिथे राहणार तिथल्या लोकांना तिचा फार अभिमान. तुझ्या खोलीपासून ते उद्यान दहा मिनिटांवर. सकाळी उघडतं तेव्हा जा, तळं आणि पूल येईल असा फोटो काढ, छापून घे आणि मागे तुझ्या अक्षरात जपानीत दोन ओळी लिही : तुमच्या गावची बाग आमच्या पुण्यात आहे, मी तिथे अभ्यासाला बसते. याला खर्च काहीच नाही, पण पुण्याहून ओकायामाला जाणाऱ्या मुलीशिवाय ही भेट दुसरं कोणी देऊ शकत नाही.

बांधणीकडे तिथे फार लक्ष असतं. चकचकीत कागद नको. चौकट मी हिरव्या खणाच्या चौकोनी तुकड्यात बांधून देते, कडा दुमडून शिवलेल्या. तेही भेटी कापडात बांधतात, त्यामुळे गाठ कशी सोडायची हे सांगावं लागणार नाही. त्यांची रीत कापड परत नेण्याची आहे, पण तू सांग, खणही तुमच्यासाठीच आहे. पांढरं-काळं काही वापरू नकोस.

देताना दारातच पिशवी पुढे करू नकोस. चपला काढून, आत बसायच्या खोलीत जाऊन, नमस्कार-चमत्कार झाले की वस्तू पिशवीतून काढ, तिचं तोंड त्यांच्याकडे कर आणि दोन्ही हातांनी दे. रिकामी पिशवी घडी करून स्वतःकडे ठेव. त्यांनी तुझ्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, पुष्कळ घरांत पाहुणा असताना उघडत नाहीत. नंतर विचारतील तेव्हा कासवांची गोष्ट सांग. आणि परत आल्यावर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र गेलंच पाहिजे. फोनवरचा संदेश पुरणार नाही.

आता मला एवढं कळव : मुलगा डावरा आहे का, म्हणजे जाळी कशी गुंडाळायची ते ठरवता येईल, आणि घरात कोणाला काजू-शेंगदाण्याचा त्रास तर नाही ना. संस्थेतल्या बाईंना विचार, त्या लिहून विचारतील. त्रास असेल तर काजू रद्द, मी दुसरं बघते. चितारआळीतलं पान मी शुक्रवारपर्यंत राखून ठेवायला सांगितलं आहे.

तुझी,
आई