शेवटचा 'ना'

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. बैठका चालवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं हे वाचून आधी बरं वाटलं, मग पुढची तक्रार वाचून हसू आलं. "मी सारखं विचारतो रे, पण कोणी तोंडच उघडत नाही." मीही हेच रडगाणं कितीतरी वर्षं गायलो आहे, आणि न बोलणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्याही घातल्या आहेत.

तू काय विचारतोस ते तुझ्याच पत्रात आहे: "मग असंच करू या, सगळ्यांना मान्य आहे ना?" त्यातला शेवटचा 'ना' बघ. एवढंसं अक्षर, पण ते होकार वसूल करायलाच बसलेलं असतं. त्याला नकार द्यायचा तर सगळ्यांदेखत तुझा शब्द मोडावा लागतो. त्यापेक्षा मान डोलावणं सोपं.

माझं सांगतो. कामाचं नवं वेळापत्रक मी स्वतः बसून आखलं होतं. बैठकीत वीस मिनिटं ते समजावलं आणि शेवटी विचारलं, "ठीक आहे ना?" माना हलल्या. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं गेलं. चष्म्याचं घर टेबलावर राहिलं म्हणून परत फिरलो, तर जिन्यापाशी खरी बैठक भरलेली! आमच्यातली सगळ्यांत नवी मुलगी सांगत होती, "आकडेच मुळात गुरुवारी संध्याकाळी येतात. मग गुरुवारी दुपारी अहवाल द्यायचा तो कुठल्या आकड्यांवर?" मला पाहून सगळे पांगले. मी तिला विचारलं, "मग बैठकीत का नाही बोललात?" ती बिचारी चाचरत म्हणाली, "तुम्ही सगळं ठरवूनच आला होता, असं वाटलं." खरंच होतं ते. शिवाय त्या 'का'मध्येही माझा दरडावणीचा सूर होताच.

पुढे वाचनात आलं की हे फक्त माझ्याच बाबतीत घडत नव्हतं. स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली गटचर्चांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की जी माहिती सगळ्यांकडे आधीपासून असते तीच गट पुन्हा पुन्हा चघळतो, आणि एकाच कोणाकडे असलेली माहिती बऱ्याचदा टेबलावर येतच नाही. आमचे गुरुवारचे आकडे तसलेच. तेव्हापासून कुठलाही बेत मांडला की मी विचारतो, "तुमच्या कामाच्या बाजूने पाहिलं तर हे कुठे अडेल?" हे विचारताना मी गृहीतच धरतो की अडणार आहे. त्यामुळे अडचण सांगणारा आगाऊ ठरत नाही, विचारलेलंच सांगत असतो. मात्र उत्तर तुला आधीच माहीत असेल तर विचारूच नकोस, सरळ सांगून टाक. परीक्षा घेतोयस हे लोकांना लगेच कळतं.

शब्दांचं म्हणशील, तर ते वाटतात तितके निरुपद्रवी नसतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये काही विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात 'जोरात आदळल्या' अशा अर्थाचं क्रियापद होतं तेव्हा उत्तरांची सरासरी ताशी 40.5 मैल आली. 'एकमेकींना लागल्या' एवढंच विचारलं तर 31.8. फिती त्याच, प्रश्नातला शब्द तेवढा बदललेला. आता तूच बघ, "हा घोळ कसा झाला?" आणि "त्या दिवशी काय काय झालं?" यांची उत्तरं सारखी येतील का?

'का'चं तर आपल्या भाषेत फारच अवघड आहे. "उशीर का झाला?" म्हटलं की समोरचा लगेच सफाई द्यायला लागतो. "कशामुळे अडलं?" म्हटलं की कारण बाहेर येतं. पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायची टोयोटाची पद्धत प्रसिद्ध आहे. बंद पडलेल्या यंत्रापुढे ती उत्तमच. पण माणसाला सगळ्यांसमोर पाच वेळा 'का' विचारलंस, तर ती उलटतपासणी होते.

आता सगळ्यांत अवघड भाग. विचारून झालं की गप्प बस. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या सुमारास वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. बैठकीतली मोठी माणसं काही वेगळी नसतात. मी टेबलाखाली बोटांवर दहापर्यंत आकडे मोजतो. चौथ्या आकड्याला घाम फुटतो, सहाव्याला कोणीतरी खुर्ची सरकवतं, आणि सात-आठच्या आसपास हमखास कोणी तरी म्हणतं, "म्हणजे, मला एक वाटत होतं..." ते 'म्हणजे' ऐकायला मिळावं म्हणून तर सगळी खटपट. त्यावर लगेच "वा, छान!" म्हणू नकोस. पुढच्याला वाटतं, आता आपणही छानच बोललं पाहिजे. नुसतं "आणखी सांगा" पुरतं.

वरिष्ठ मंडळी आधी बोलली की बाकीचे त्यांचीच री ओढतात. म्हणून प्रश्न फळ्यावर लिहायचा, दोन मिनिटं प्रत्येकाने कागदावर उत्तर लिहायचं आणि वाचायला धाकट्यापासून सुरुवात करायची. आमच्या साहेबांना आधी ते पोरकट वाटलं होतं. आता तेच कागद मागतात.

आणि हो, हो-नाहीचे प्रश्न अगदीच टाकाऊ नाहीत. चर्चा पिकली की तेच लागतात: कोण करणार, कधीपर्यंत, जमेल की नाही? तिथे मोकळे प्रश्न विचारत बसलास तर दिवस मावळेल. "कोणाला काही शंका?" हे मात्र उठता उठता विचारू नकोस. लोकांनी तोवर वह्या मिटलेल्या असतात.

पुढच्या बैठकीत कितव्या आकड्यापर्यंत गप्प राहता आलं ते नक्की कळव. मी परवाच पाचावर फुटलो आणि माझ्याच प्रश्नाचं उत्तर मीच देऊन मोकळा झालो.

तुझा,
जुना बडबड्या मित्र