बोअर मारण्याआधी पुंगळी साफ करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी टू-स्ट्रोक गाडी ओढेनाशी झाली की पहिला घाव सिलिंडरवर पडतो. ‘इंजिन उतरलंय, हाफ इंजिन करावं लागेल’ असे सांगून बोअर मारला जातो, म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद केला जातो, नवा पिस्टन पडतो आणि पंधरवड्यात गाडी पुन्हा मूळ पदावर येते. मातीच्या ट्रॅकवर आणि डोंगरवाटांवर आजही यामाहा आरएक्स १००, आरएक्स १३५, टीव्हीएस-सुझुकी शोगन या गाड्या जीव लावून चालवल्या जातात. त्यातल्या आरएक्स १००चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी आणि पुढचे पिस्टन पाव-पाव मिमीने वाढणारे. एक मिमी वाढीपर्यंत पोचायला चारच पायऱ्या आहेत. त्यातली एक विनाकारण खर्ची घालणे म्हणजे परत न मिळणारी वस्तू फुकट घालवणे आहे. म्हणून हे पत्र.

दम कमी आहे एवढे सांगून भागत नाही, तो कुठे कमी आहे हे आधी पाहावे. खालून, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, गाडी नीट उचलते, पण वर गेल्यावर गळा दाबल्यासारखी अडते, तर सायलेन्सर, एअर फिल्टर, मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र), पेट्रोलचा पुरवठा किंवा पूर्ण न उघडणारी ॲक्सिलरेटरची केबल यांपैकी काहीतरी असते. केबलची तपासणी अर्ध्या मिनिटाची: एअर फिल्टरकडचा पाइप काढायचा, मूठ पूर्ण पिळायची आणि कार्ब्युरेटरचा स्लाइड तोंडातून पूर्ण वर जातो का ते बोटाने चाचपायचे. उलट खाली आणि मध्ये मरगळ आणि वर एकदम जोर, तर रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पाती), ऑइल सील (क्रँकच्या टोकांची रबरी कडी) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळावे. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांमध्ये, म्हणजे जुन्या यामाहा वायझेड किंवा कावासाकी केएक्समध्ये, एक्झॉस्ट पोर्टची उंची वेगानुसार बदलणारा पॉवर व्हॉल्व्हही असतो. तो कार्बनने बंद अवस्थेत चिकटला तर वरचा जोर जातो, उघडा चिकटला तर खालचा. आणि इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही, तर इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतो आहे. मोटारीचे इंजिन ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतल्यानेही असे होते. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलेच दुचाकीचे तेल घालावे. स्टँडवर मागचे चाक हाताने मोकळे फिरते का, हेही लगेच पाहून घ्यावे. अडकलेला ड्रम ब्रेक किंवा ताणलेली चेन बरीच ताकद खाते.

आता सायलेन्सर. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाज कमी करणारा नुसता डबा नाही, तो इंजिनाचाच भाग आहे. एक्झॉस्ट पोर्टमधून सुटलेली दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि पोर्टातून निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. कार्बनने वाट अरुंद झाली की हा सगळा मेळ बिघडतो. मागच्या टोकाचा बोल्ट काढून पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारी छिद्रांची सुटी नळी, बाहेर ओढावी. छिद्रे तेलकट काळ्या थराने बुजलेली असतील तर ती लाल होईपर्यंत तापवावी, म्हणजे कार्बन जळून राख होतो. मग ठोकून तारेच्या ब्रशने साफ करावी. सायलेन्सरच आतून फार भरला असेल तर एक लिटर पाण्याला पाव किलो कॉस्टिक सोडा या प्रमाणात द्रावण करून सायलेन्सर एका तोंडाने बंद करावा आणि रात्रभर भरून ठेवावा. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा हवीच. हे द्रावण अॅल्युमिनियम खाते, त्यामुळे हेड किंवा सिलिंडरला ते चुकूनही लावू नये. एक्झॉस्ट पोर्ट खरवडताना पिस्टन पूर्ण वर आणावा. पोर्ट त्याच्या स्कर्टने झाकले जाते आणि कार्बनचे तुकडे आत पडत नाहीत. खरवडायला लाकडी पट्टी घ्यावी, स्क्रू ड्रायव्हर नको.

पुंगळी काढून गाडी पळवणाऱ्या तरुणांना कळकळीने सांगणे आहे की वाढतो तो आवाज. पुंगळीसह जो दाब हिशेबात धरलेला असतो तो गेला की मिश्रण सुकते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि लांबच्या चढावर चिकटतो.

पेट्रोलकडे येऊ. आधी टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर दोन-चार किलोमीटरनंतर पुरवठा तुटतो आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून हलके तेल लावून बसवावा. सुका फोम धूळ अडवत नाही आणि मातीच्या ट्रॅकवरची बारीक धूळ रिंगा काही आठवड्यांत खाते. जेट तारेने टोकरू नये, छिद्र मोठे होते. हवेच्या झोताने साफ करावा.

इथे एक नवी अडचण आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला एक भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण १३.५ वर येतो. म्हणजे जुन्या जेटमधून गाडीला गरजेपेक्षा सात-आठ टक्के कमी इंधन मिळते. नव्या इंजेक्शनच्या गाड्या काही अंशी सावरून घेतात, कार्ब्युरेटर सावरत नाही. त्यामुळे मेन जेट एक किंवा दोन नंबर मोठा करून प्लग वाचावा, म्हणजे त्याच्या रंगावरून मिश्रण ओळखावे. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर पाचशे मीटर न्यावे, तिथेच क्लच दाबून इग्निशन बंद करावे, गाडी थांबली की प्लग काढावा. चॉकलेटी रंग बरोबर, पांढरा म्हणजे इंधन कमी, काळा आणि ओला म्हणजे जास्त. पांढऱ्या प्लगवर गाडी थोडा वेळ फार छान पळते, आणि याच मोहात पिस्टन जातो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणीमिश्रित थर बसतो. ते पेट्रोल काढूनच टाकावे.

ऑइल पंप काढून टाकीत तेल मिसळणाऱ्यांसाठी: चाळीसास एक म्हणजे लिटरला २५ मिली, तीसास एक म्हणजे ३३ मिली. तेल वाढवले की तेवढेच पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण सुकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रमाण बदलले की जेट पुन्हा तपासावा.

एवढे झाल्यावर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, प्लग काढलेला, मूठ पूर्ण उघडी, आणि गेजचा काटा थांबेपर्यंत आठ-दहा दमदार किक. शंभर सीसीच्या साध्या इंजिनात ११० ते १३० पीएसआय मिळाले तर रिंगांना हात लावू नये. ९०च्या खाली असेल तर सिलिंडर उघडावा. महाबळेश्वरला पुण्यापेक्षा हवेचा दाब साधारण नऊ टक्के कमी असतो, तिथला आकडा त्या हिशेबाने वाचावा.

कॉम्प्रेशन चांगले आणि तरी दम नाही, आयडलिंग आपोआप चढते, प्लग पांढरा? मग क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, तिथे भोक असेल तर वरचे सगळे व्यर्थ. मॅग्नेटकडचे सील गेले की बाहेरची हवा आत ओढली जाते. क्लचकडचे गेले की गिअर ऑइल जळते. थांबत नाही असा दाट पांढरा धूर, ओला प्लग आणि उतरणारी गिअर ऑइलची पातळी या त्याच्या खुणा. सीलच्या गळतीची तपासणी जवळपास कोणी करत नाही, आणि तिला महागडे यंत्रही लागत नाही. एक्झॉस्ट रबरी पट्टी आणि पत्र्याने बंद करावा, कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागच्या रबरी नळीला घट्ट बूच आणि त्यात रक्तदाब मोजायच्या यंत्राची नळी. पिस्टन खाली, प्लग घट्ट. काटा ३०० पर्यंत चढवावा. एका मिनिटात पन्नासापेक्षा जास्त पडला तर गळती आहे. साबणाचे पाणी लावून ती शोधावी: सिलिंडरखालचे पॅकिंग, रीडचा सांधा, मॅग्नेटचे कव्हर काढून मागचे सील. रीड व्हॉल्व्ह उघडला असेल तर पात्यांची टोके उजेडात धरून पाहावीत. तुटलेले टोक किंवा स्पष्ट दिसणारी फट असेल तर पाती बदलावीत.

पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघड-मीट करणाऱ्या संपर्काच्या) गाड्यांत फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवावी. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि सायलेन्सर तापतो. पॉइंटवर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदलावा. मॅग्नेट क्रँकवर जागच्या जागी धरणारी अर्धगोल की (पाचर) कातरली गेली असेल तर टायमिंग कितीही जुळवले तरी जुळत नाही.

हे सगळे करून बोअरच करायचा ठरला, तर सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि आडवा-उभा असा सहा ठिकाणी मोजून ते आकडे कागदावर मागावेत. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने पाहावी, ५० मिमीला ०.१५ ते ०.३५ मिमी. बोअरनंतर पोर्टांच्या कडा धारदार राहतात. त्या बारीक दगडाने मोडून घेतल्याशिवाय सिलिंडर ताब्यात घेऊ नये, रिंग तिथेच अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पहिल्या टाकीला मूठ अर्ध्याच्या वर नको, आणि एकाच वेगावर फार वेळ नको.

आपला,
टू-स्ट्रोक गाड्यांचे काम करणारा एक वाचक, कोल्हापूर