काशा, घर पाडायचं ठरलं

पेठ रोड, नाशिक

प्रिय काशा,

घर पाडायचं ठरलं. भावाने फोनवर एवढंच सांगितलं आणि लगेच पावसाचं बोलायला लागला. इथे ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, "पक्कं घर होणार? मग पेढे कुठायत?" म्हणून तुला लिहितोय. गुडघा बरा आहे, विचारू नकोस.

घरकुल मंजूर झालंय. माप २६९ चौरस फूट. त्यात माय राहणार की धान्याची कणगी, ते अजून कळलेलं नाही. माय एकच विचारते, चूल कुठं? भाकरी गॅसवर होते, हे तिला माहीत आहे रे. पण बियाण्याची नागलीची कणसं चुलीवर टांगलेली असतात, धुरामुळे कीड लागत नाही. नव्या भिंती काळ्या होतील म्हणून वहिनीने आधीच हात जोडलेत. मग बी कुठं ठेवायचं? आणि बी नाही तर रोपांसाठी जमीन भाजून राब कशाला करायचा? मायचं डोकं चुलीवरून निघतं ते थेट आवणापर्यंत, रोपं लावण्यापर्यंत जातं, आणि इकडे माझी झोप उडते.

वहिनीचंही खोटं नाही. दरवर्षी कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपायची तिने, कौलं शाकारायला माणूस शोधायचा तिनेच. दिवाळीनंतर दोघं दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेले की गळक्या घरात माय एकटी. आता तू म्हणशील, आला शहरातला शहाणा. म्हण. पण बोहाड्याच्या उत्सवात त्राटिकेचं सोंग माझं ठरलेलं असताना मुखवटा कोणी पळवला, ते मी विसरलेलो नाही.

उखळाचा तर कुणी विचारच केलेला नाही. जमिनीत पुरलेलं ते, वर फरशी बसली की गेलं. माझं म्हणणं, मागची पडवी राहू द्या. चूल, कणगी, उखळ सगळं तिकडे. भाऊ म्हणतो, जागा मोकळी झाल्याशिवाय पाया नाही आणि पायाचा फोटो गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. खेकडे धरायला तूच शिकवलंयस त्याला. फोन कर, पण माझं नाव काढू नकोस.

तुझी बदली झाली का? पोरीचा बारावीचा निकाल कळव. घरी सगळ्यांना नमस्कार.

आणि फोन संध्याकाळीच कर, तो गुरं घेऊन टेकडीवर असतो तेव्हाच रेंज मिळते.

तुझा,
भिका